चुलीवर राखलेली टेप

लोणीचे रोहिदासभाऊ. आधी त्यांचं नाव लिहिते, मग काय झालं ते. माझी शाळा सातवीत सुटली. लिहिता लिहिता भरकटले, कागद अर्धा राहिला, तरी ज्यांच्यामुळं झालं त्यांचं नाव वर लिहिलेलं असावं. त्यांच्या शेजारी शोभावहिनींचं, म्हणजे त्यांच्या मंडळींचं. आणि कांचनताईचं, कारण कॅमेरा तिचा.

इथं मारवाडात दुपारी जेवणं उरकली की स्वयंपाकघर गप्प होतं. भांडी पालथी घालते, ओटा पुसते, आणि डब्यांच्या फळीमागं ठेवलेली ती टेप काढते. काड्यापेटीहून जराशी मोठी, काळी. नाकाशी धरते. धूर येतो. इतक्या वर्षांचा, ऐनाच्या ओल्या लाकडाचा, डोळ्यांत पाणी आणणारा आमच्या चुलीचा धूर. बाहेर रखरखीत ऊन, भिंतीला हात लावला तर भाजेल असं, आणि माझ्या हातात मढचा आषाढ.

मढच्या वरच्या अंगाला, माळशेजचं धुकं जिथं दाराच्या फटीतून आत येतं, तिथं आमची वाडी. पावसाचे चार महिने तिथं काही टिकत नाही. वाळत घातलेलं लुगडं आठ-आठ दिवस ओलंच. चामड्याच्या चपलेला हिरवी लव येते. कारवीच्या कुडावर बोट ठेवलं तर बोट ओलं होतं. म्हणून जे राखायचं ते चुलीवरच्या माळ्यात. नाचणीची कणसं तिथं, वरईचं बी तिथं, राखेत घोळलेल्या भोपळ्याच्या बिया, मिठाचा पुडा, काड्यापेट्या, सगळं तिथं. खाली चूल पेटलेली, वर धूर, आणि धुरात पुढच्या वर्षाचं पेरणं. माझी सातवीची पुस्तकंसुद्धा आईनं तिथंच ठेवली होती. शाळा सुटली तरी ठेवली. बी ठेवतात तशी.

आणि तिथंच तिनं ती टेप ठेवली.

शाळा सुटल्यावर मी जुन्नरला कांचनताईच्या घरी कामाला राहिले. त्यांचं कापडाचं दुकान. मूळचे मारवाडातले, पण बोलणं आपल्यासारखंच. शेठजी गिऱ्हाइकाला “या पावणं” म्हणायचे तेव्हा कुणाला वाटलं नसतं की यांचं गाव वाळवंटाच्या कडेला आहे. कांचनताई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. तिचं लग्न ठरलं, तेही मारवाडात, आणि तिच्या मामांनी तिला हातात मावेल असा व्हिडिओ कॅमेरा दिला. लग्नाआधीच्या पावसाळ्यात ती म्हणाली, “मला तुझ्या घरची भाताची आवणी बघायचीय. एकदा गेले की कुठं बघायला मिळणार?”

ती आली तो दिवस मला बारीकसारीक आठवतो. तिचा लाल रेनकोट. कॅमेऱ्यावर दुधाची पिशवी कापून बसवलेली, वर दोन रबरं. खाचरात चिखलणी चाललेली, मातीचा तो आंबूस वास, बैलांच्या खुरांचा पचाक पचाक आवाज, रोपांच्या मुठी पाण्यात आपटल्याचा आवाज, इरल्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज. बाया लाजून पाठ करायच्या. आई तर दिवसभर वाकलेलीच होती, तिची फक्त पाठ आली असणार, असं मला तेव्हाच वाटलं होतं. बा बैलांच्या मागं. कांचनताई बांधावरनं ओरडत होती, “काका, काहीतरी बोला ना!” आणि बा काहीतरी बोलले होते.

काय बोलले, ते मला आठवत नव्हतं. चिखल आठवतो, रबरं आठवतात, ते नाही.

संध्याकाळी चुलीपाशी चहा पिताना तिनं टेप काढून बाच्या हातात दिली. “ही तुमची, काका. घरात टीव्ही आला की मला कळवा, मी कॅमेरा घेऊन येते.” बानं ती आईकडं दिली. आईनं पदरानं पुसली, फडक्यात गुंडाळली आणि हात वर करून माळ्यात ठेवली. टीव्ही आला तो फार उशिरा. तोवर कांचनताई मारवाडात गेली होती, काही वर्षांनी तिच्यामागं मीही तिच्या स्वयंपाकघरात आले होते, आणि बा राहिले नव्हते. आमच्या वाडीत मोबाइलला रेंज यायच्या आधीच ते गेले. एक फोटो आहे, टोपी घातलेला. आवाज कुठंच नाही.

इथं आम्ही दोघीच जुन्नरच्या. पोळ्या लाटता लाटता आमचं बोलणं चालतं. कांचनताईच्या सासूबाई दारात येऊन विचारायच्या, “तुम्ही भांडताय की बोलताय?” कांचनताई हसून म्हणायची, “आमच्याकडं दोन्हीला एकच आवाज लागतो.”

मागच्या खेपेला रजेवर निघायच्या आधी आईचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलली, आणि मग म्हणाली, “बाये, येक सांगू का? त्यांचं त्वांड ध्यानात हाय. आवाज न्हाई येत ध्यानात. लई हुडकला. न्हाई.”

 मी माझ्या डोक्यात शोधला, तर तिथंही नव्हता.

कांचनताईनं कपाटातनं कॅमेरा काढला. वायरी, चार्जर, आणि मुलाचा जुना लॅपटॉप माझ्या बॅगेत कोंबला. “चालतोय कॅमेरा. मी लावून बघितलाय. लॅपटॉपवर घेतलं की कायमचं राहील. जा.”

मला वाटलं, वायर लावायची की झालं. घरी गेल्या गेल्या आईनं माळ्यातनं टेप काढून दिली. फडकं तेलकट काळं झालेलं. मी हात धुऊन बसले, कॅमेऱ्याची वायर लॅपटॉपला लावली. लॅपटॉपनं टुंग केलं. आई म्हणाली, “बोलला?” मी म्हटलं, “बोलेल आता.” पडद्यावर एक पिवळी फाइल आली, उघडली तर आत काहीच नाही. पुन्हा काढली, लावली. पुन्हा रिकामी.  मला वाटलं, मीच काहीतरी दाबलं आणि बा पुसले गेले.

त्या रात्री मला झोप नाही. आणि रजा संपत आलेली.

जुन्नरच्या दुकानात मुलानं कॅमेरा हातात घेऊन हसून परत दिला. “मावशी, हे आता कुणी करत नाही. म्युझियममध्ये द्या.” आळेफाट्याला एका स्टुडिओवाल्यानं मात्र नीट बघितलं. तो म्हणाला, “आमच्याकडं याची वायर लावायला मशीनच ऱ्हायलं न्हाई. लोणीला जा. रोहिदासभाऊ हायेत, या पट्ट्यातली निम्मी लग्नं त्यांनी काढल्यात. आता कांदा करत्यात. पण तो गडी कायच टाकून देत न्हाई.”

मंचरवरनं लोणीला जाणाऱ्या एसटीत मी बॅग मांडीवर घेऊन बसले. दर थांब्याला चेन उघडून हात घालून बघत होते. टेप आहे ना. कॅमेरा आहे ना. शेजारच्या आजीबाई शेवटी म्हणाल्या, “काय गं, कोंबडी हाय का आत?”

रोहिदासभाऊंचं घर रस्त्याला लागूनच. अंगणात कांद्याचा ढीग, बाया निवडत बसलेल्या, आणि कांदा साठवायच्या बराखीला लागून एक खोली. दारावर स्टुडिओची पाटी अजून होती, पण तिच्यावर फवारणीचा पंप टांगलेला. मी आत गेले तर अर्ध्या खोलीत कांदे आणि अर्ध्या खोलीत खोकी. खोक्यांत टेपा. लोकांनी न नेलेली लग्नं.

भाऊ पन्नाशीच्या पुढचे, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यांनी टेप हातात घेतली, उलटसुलट केली आणि नाकाला लावली.

“चुलीवर ठेवली व्हती?”

मी मान हलवली. माझा चेहराच पडला. म्हटलं, “खराब झाली का हो भाऊ?”

“मला काय म्हाईत? अजून उघडली कुठं?” त्यांनी खिडकीतल्या उजेडात टेपेचं झाकण नखानं उचललं, वाकून बघितलं, लई वेळ बघितलं. मग खोक्यातनं दुसरी एक काढून माझ्यापुढं धरली. “ही बघा. तुमच्याच मढच्या अंगाचं लग्न. बघा आत.” आत पांढरी लव. भाकरीला येते तशी. “घाटाकडच्या सगळ्या टेपा अशा गेल्या. ह्या टेपेला बुरशीचा ठिपका न्हाई. धुरानं वाचिवली. पण धुराची चिकटी बसलीय, ती कॅमेऱ्यातल्या टेप वाचायच्या हेडाला लागनार. आता आईला बोल लावायचा का पाया पडायचं, ते तुमी ठरवा.”

घरी वायर लावून फाइल रिकामी का आली, तेही त्यांनी सांगितलं. ती वायर फक्त कॅमेऱ्यातल्या फोटोच्या कार्डाशी बोलते, टेपेशी नाही. टेपेची वायर निराळी, बारकी, आणि ती घुसायचं भोक माझ्याजवळच्या लॅपटॉपला नव्हतंच. पुसलं काहीच नव्हतं. मी खाली बसलेच एकदम, कांद्याच्या पोत्यावर.

मग त्यांनी स्वतःचा जुना लॅपटॉप काढला. तो बॅटरीवर चालत नव्हता, नुसता लाइटीवर. वायर सापडेना. शोभावहिनी आतून आल्या. “मागं कुत्र्याला बांधायला घेतली व्हती का ती?” भाऊ म्हणाले, “कुत्र्याला बांधली ती टीव्हीची.” सापडली शेवटी, एका लग्नाच्या पत्रिकांच्या गठ्ठ्यात.

लावली. लॅपटॉप गप्प. कॅमेरा दिसतच नाही म्हणाला.

भाऊंनी वायरीची टोकं बदलून बघितली. कॅमेऱ्याचा खटका शूटिंगवर होता, तो टेप चालवायच्या बाजूला केला. तरी नाही. कॅमेरा चार्जरवर लावला, कारण बॅटरीवर तो मधेच झोपी जातो म्हणे. तरी नाही.  दर वेळी मी विचारत होते, “आता? आता?” भाऊ चष्म्यावरनं माझ्याकडं बघून म्हणाले, “ताई, तुमी असं बघताय जसं काय मी बाळंतीण सोडवतोय. जरा बाहेर बघा, कांदे बघा.”

मी कांदे बघितले. त्यांनी डोकं खाजवलं, लॅपटॉपच्या पोटात शिरून कायकाय उघडलं. “बारा वर्सं हात लावला न्हाई राव. पयलं झोपेत करायचो.” मग एकदम मांडीवर थाप मारली. लॅपटॉपनं आपलं आपण नवीन ड्रायव्हर घेऊन ठेवला होता, आणि त्या नव्याला हा जुना कॅमेरा ओळखूच येत नव्हता. त्यांनी यादीतनं जुना निवडला. कॅमेरा बंद केला. वायर लावली. मग कॅमेरा चालू केला.

टुडुंग. पडद्यावर कॅमेऱ्याचं नाव आलं.

माझ्या तोंडून “अगं आई” निघालं. भाऊ म्हणाले, “थांबा, अजून तुमची टेप लावायची न्हाई.” त्यांनी आधी न नेलेल्या लग्नांतली एक घातली. कॅमेरा टेप खातो का, बघायला. कुणाचीतरी वरात, घोडा, बँडवाले, एक म्हातारा रुमाल उडवत नाचणारा. नीट चालली. भाऊ त्या म्हाताऱ्याकडं बघून हसले, आणि मग माझी टेप हातात घेतली. त्यांनी ती घातली तेव्हा मी डोळे मिटले.

आणि लाइट गेली.

लॅपटॉप काळा. पंखा थांबला. अंगणातल्या बायांचं बोलणं एकदम मोठं ऐकू यायला लागलं. मी म्हटलं, “माझ्यामुळंच.” शोभावहिनी म्हणाल्या, “तुमच्यामुळं न्हाई, दुपारची रोजच जाती. चहा घ्या.”

आम्ही उंबऱ्यात बसलो. माझी शेवटची एसटी, माझी रजा, आईचा तो फोन, सगळं माझ्या डोक्यात फिरत होतं. भाऊंनी विचारलं, “काय हाय टेपेत?” मी सांगितलं.  चहाचा कप खाली ठेवून भाऊ म्हणाले, “सगळ्या तालुक्याच्या आया शूट केल्या मी. माझी आई माझ्याच संगं असायची. लाइटीची वायर धरायला. नाचनाऱ्यांच्या पायात येऊ न्हाई म्हनून वायर हातात धरून मागं मागं. तिच्या मनगटावर इंचू गोंदलेला व्हता. कधी वाटलंच न्हाई कॅमेरा तिच्याकडं फिरवावा. आली असंल एखाद्या टेपेत कडंला. न्हाई तर न्हाई.”

“मग शोधली नाहीत?”

“माझा कॅमेरा कधीच गेला. आन् टेप काय फोनवानी पुढं पळवून बघायची गोष्ट न्हाई. तासाची टेप, तर तास बसायचं. कांदा काढू का टेपा बघू?”

शोभावहिनी पलीकडून म्हणाल्या, “येळ नसतो असं न्हाई. भ्यात्यात ते. एवढ्या टेपांत न्हाईच घावली म्हंजे?”

भाऊ कप गोळा करायला लागले. लाइट आली.

आधी निळा पडदा. मग चौकोन चौकोन. हिरव्या चौकोनांत एक लाल चौकोन, तो रेनकोट असणार. आवाज तुटक, किरकिरा, मधेच बंद. मी ओरडले, “थांबवा, तुटेल!” भाऊंनी थांबवलं. सफाईची टेप घातली, जराशी फिरवली, काढली. तिच्यावर तपकिरी रेघ. पुन्हा माझी टेप. थोडं चित्र. पुन्हा चौकोन. पुन्हा सफाई. खाचर खुरपावं तसं, थांबत थांबत, एक एक पात करत ते पुढं सरकत होते, आणि दर खेपेला धुराचा वास खोलीत जरा जास्त पसरत होता. कांद्याचा वास त्यानं दबून गेला.

आणि मग खाचर आलं. आमचं. पाऊस आला, पाण्यात आपटलेल्या मुठी आल्या. वाकलेल्या पाठी आल्या, त्यातली आईची मी ओळखली. बैल आले. कांचनताईचा तेव्हाचा बारीक आवाज, “काका, काहीतरी बोला ना!”

आणि बा म्हणाले, “काय बोलू? पोरी, पाऊस वळलाय. ते डबडं झाक आधी. आमचं काय, रोजचंच हाय.”

एवढंच. आवाज जाडसर, जरा घोगरा. मला वाटलं होतं ऐकला की ओळखीचा वाटेल. तसं झालं नाही. पहिल्यांदा ऐकल्यासारखा वाटला, आणि मग पोटातून ओळख वर आली. पुढं थोडी बैलांना हाळी होती. मग त्यांनी खाचराच्या दुसऱ्या टोकाला तोंड करून आरोळी दिली, “अगं येऽऽ! ऐकतीस का?” तिथून पुन्हा चौकोन.

भाऊ टेप संपेपर्यंत उठले नाहीत. बाया दोनदा हाक मारून गेल्या, व्यापाऱ्याचा फोन येऊन गेला. ते कॅमेऱ्यावर हात ठेवून बसले होते, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग सगळं माझ्या फोनमध्येही घालून दिलं. शोभावहिनींनी भाऊंना मला मोटारसायकलवरनं एसटीला पोचवायला लावलं. मी फाट्यावरून कांचनताईला फोन केला. तिनं ऐकलं आणि म्हणाली, “कॅमेरा त्यांच्याकडंच ठेव गं. इथं कपाटात काय करणार?” मी तो भाऊंच्या हातात दिला. ते म्हणाले, “ठेवून काय करू?” पण घेतला.

सकाळी चुलीपाशी मी आईच्या शेजारी बसले आणि फोन तिच्या कानाशी धरला. पाऊस ऐकून ती म्हणाली, “आवणी हाय जनू.” कांचनताईचा आवाज आला, बाचं डबडं आलं. आई हलली नाही. हातात फुंकणी तशीच. मला वाटलं, नाही ओळखला.  मग ती आरोळी आली, “अगं येऽऽ! ऐकतीस का?”

“ऐकतीया की,” आई म्हणाली, जाळाकडं बघत, जरा चिडूनच. “बहिरी न्हाई मी.”

आणि मग तिनं फुंकणी खाली ठेवली.

आई म्हणाली, “परत लाव.” मी लावलं. तिनं परत उत्तर दिलं. निघायच्या दिवशी बॅग भरताना तिनं टेप फडक्यात बांधून दिली. “तू ने. आता माळ्यात नगं.” आणि विचारलं, “त्या लोणीच्या बाप्याला काय दिलंस?”

“काही नाही घेतलं त्यांनी.”

“घेतलं न्हाई म्हंजे फिटलं व्हय?”

ते माझ्या डोक्यातून जात नाही. इथं दुपार झाली, स्वयंपाकघर गप्प झालं, की ती खोकी दिसतात. कॅमेरा त्यांच्या कपाटात असेल, वर कांद्याची पोती. त्यांनी अजून एकही टेप लावलेली नाही, शोभावहिनी फोनवर सांगतात.

म्हणून हे लिहून ठेवते, रोहिदासभाऊ. पुढच्या रजेला मी आधी मढला नाही, लोणीला उतरेन. आईला सांगितलंय, ती हो म्हणालीय. तुम्ही कांदे निवडा. मी खोलीत पोत्यावर बसेन, आणि एक एक लग्न, जेवढं लांब तेवढं, शेवटपर्यंत बघेन. नाचणाऱ्यांकडं बघणार नाही, नवरानवरीकडंही नाही. पडद्याच्या कडेला बघेन, वायर जिथून येते तिथं. मनगटावरचा तो विंचू दिसला की तुम्हाला हाक मारेन. तोवर उठणार नाही.